डीजे साऊंडचे बाय-ॲम्पिंग: बाह्य क्रॉसओव्हर लावून बेस आणि टॉप वेगळे कसे चालवावेत

लहान डीजे संचात बहुतेक वेळा एकाच ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर बेस (खालचा आवाज देणारे स्पीकर) आणि टॉप (वरचा आवाज देणारे) दोन्ही जोडलेले असतात, आणि कोणत्या ड्रायव्हरने कोणता आवाज वाजवायचा हे कॅबिनेटच्या आतील पॅसिव्ह क्रॉसओव्हरवर, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरच्या एका पट्टीवर, सोपवलेले असते. बाय-ॲम्पिंगमध्ये ही वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधी होते. मिक्सरमधून निघालेला सिग्नल प्रथम बाह्य क्रॉसओव्हरमध्ये जातो, तेथे त्याचे खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचे दोन भाग पडतात, आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. पुढील सर्व विवेचन दोन 18 इंची बेस आणि 15 इंची वूफर व हॉर्न असलेले दोन टॉप अशा संचाला धरून केले आहे, कारण हळदीच्या आणि वाढदिवसाच्या कार्यक्रमांपासून सुरुवात करणाऱ्या बहुतेकांकडे याच्या जवळपास काहीतरी असते.

फायदा नेमका कशात आहे

आवाज वाढेल या आशेने पुष्कळ जण बाय-ॲम्पिंगकडे वळतात. आवाज काही प्रमाणात वाढतो, परंतु खरा लाभ आवाज फाटण्याच्या मर्यादेत आहे, आणि तो आकड्यांनी पाहिल्यास चटकन लक्षात येतो. समजा 8 ओहमच्या भारावर एका क्षणी बेसला 60 व्होल्टचे शिखर हवे आहे आणि त्याच क्षणी वरच्या आवाजाला 30 व्होल्टचे. दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरमधून जात असतील तर ही शिखरे एकमेकांवर चढतात आणि ॲम्प्लिफायरला 90 व्होल्टपर्यंत जावे लागते. त्यासाठी तो 8 ओहमवर सुमारे 506 वॅटचा असला पाहिजे. हेच काम वेगळे केले तर बेसला 225 वॅट आणि वरच्या भागाला 56 वॅट, म्हणजे मिळून 281 वॅट पुरतात.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. एकाच ॲम्प्लिफायरवर किकचा ठोका मर्यादेबाहेर गेला, की त्या ठोक्याच्या माथ्यावर स्वार झालेला गायकाचा आवाज आणि हाय-हॅटही त्याच क्षणी कापले जातात. शिवाय कापलेल्या लाटेतून निर्माण झालेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी पॅसिव्ह क्रॉसओव्हरमधून सरळ हॉर्नच्या डायफ्रामपर्यंत पोहोचतात. ॲम्प्लिफायर वेगळे असतील तर बेसचे मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, क्षणभर क्लिप झाले (मर्यादेबाहेर जाऊन लाट कापू लागले) तरी ती घाण बेसपुरतीच राहते आणि हॉर्न स्वच्छ वाजत राहतो.

मात्र या सोयीची किंमत आहे. पॅसिव्ह क्रॉसओव्हर काढला की ॲम्प्लिफायर आणि हॉर्न ड्रायव्हर यांच्यामध्ये कोणीही उरत नाही. एक चुकीची केबल किंवा एक चुकीचे दाबलेले बटण डायफ्राम संपवण्यास पुरेसे असते. म्हणूनच या कामात कौशल्यापेक्षा क्रमाला महत्त्व आहे.

सुरुवात बेस आणि टॉप यांच्यापासून करावी

बाय-ॲम्पिंग दोन ठिकाणी करता येते. पहिले बेस आणि टॉप यांच्यात, सुमारे 100 हर्ट्झवर. यात टॉपच्या आतील पॅसिव्ह क्रॉसओव्हर जसाच्या तसा राहतो. दुसरे टॉपच्या आत, वूफर आणि हॉर्न यांच्यात, दीड-दोन हजार हर्ट्झच्या आसपास. नवख्याने पहिल्या प्रकारापासूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात डायफ्रामचे संरक्षण शाबूत राहते, टॉपच्या 15 इंची वूफरवरील खोल बेसचा ताण निघून जातो, आणि एकूण फरकाचा मोठा वाटा येथेच मिळतो. दुसरा प्रकार पहिला नीट बसल्यावर करावा, आणि टॉप चांगल्या कंपनीचा असून त्याचा पॅसिव्ह क्रॉसओव्हर विचारपूर्वक बनवलेला असेल तर तो उघडण्याची घाई करूच नये.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. घरगुती हाय-फाय स्पीकरच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या असतात आणि दोन ॲम्प्लिफायर लावून पूर्ण सिग्नलच दोन्हींना दिला जातो. त्यालाही बाय-ॲम्पिंगच म्हणतात. त्यात क्रॉसओव्हर ॲम्प्लिफायरच्या नंतरच राहतो, त्यामुळे वर दिलेला हिशेब त्याला लागू होत नाही.

काय काय लागेल

एक स्टिरिओ टू-वे ॲनालॉग क्रॉसओव्हर किंवा डीएसपी (डिजिटल) प्रोसेसर, दोन चॅनेलची दोन मशीन, संतुलित एक्सएलआर केबल, स्पीकॉन (स्पीकरसाठीचा लॉक होणारा कनेक्टर) लावलेल्या स्पीकर केबल आणि एक मल्टिमीटर. ॲनालॉग क्रॉसओव्हर स्वस्त असतो आणि शिकायला उत्तम, कारण प्रत्येक गोष्ट बटणावर दिसते. डीएसपीमध्ये डिले (सिग्नल थोडा थांबवणारा), लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) आणि इक्वलायझर मिळतात, आणि टॉप उघडण्याचा विचार असेल तर डीएसपीच घ्यावा.

ॲम्प्लिफायर निवडताना जाहिरातीतील वॅटवर जाऊ नये. 8 आणि 4 ओहमवर सतत किती वॅट मिळतात तेवढेच पाहावे. 8 ओहमचे दोन बेस समांतर जोडले तर 4 ओहम होतात आणि चार जोडले तर 2 ओहम, जेथे पुष्कळशी मशीन तापून बंद पडतात. मशीन ब्रिज करायचे असेल तर 8 ओहमचा भार प्रत्येक चॅनेलला 4 ओहमसारखा जाणवतो, हेही लक्षात घ्यावे.

केबलच्या जाडीकडे सर्रास दुर्लक्ष होते. 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या 25 मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे 0.57 ओहम भरतो. 4 ओहमच्या बेसवर यामुळे एक डेसिबलहून अधिक आवाज वाटेतच जातो आणि बेसची पकडही ढिली होते. 4 चौरस मिलिमीटर वापरल्यास हाच रोध 0.22 ओहमच्या आत येतो. मशीनचा रॅक बेसच्या जवळ ठेवून लांब अंतर एक्सएलआरने कापणे हा त्याहून चांगला उपाय आहे.

जोडणी

सर्व मशीन बंद ठेवून मिक्सरचे डावे-उजवे आउटपुट क्रॉसओव्हरच्या दोन इनपुटमध्ये द्यावेत. क्रॉसओव्हरचे दोन्ही लो आउटपुट बेसच्या मशीनला आणि दोन्ही हाय आउटपुट टॉपच्या मशीनला जातील. क्रॉसओव्हरच्या मागे स्टिरिओ टू-वे आणि मोनो थ्री-वे असा मोड बदलणारा स्विच असतो; तो स्टिरिओ टू-वेवर आहे ना, हे आधी पाहावे, कारण मोडनुसार सॉकेटचा अर्थच बदलतो आणि त्यासाठी पाठीवर छापलेली दोन ओळींची नावे नीट वाचावी लागतात. दोन्ही बेस एकत्र ठेवणार असाल तर लो सम हे बटण दाबून दोन्हींना एकच मोनो सिग्नल द्यावा.

काही क्रॉसओव्हरवर फ्रिक्वेन्सीचा आकडा दहापट करणारे बटण असते. ते दाबलेले राहिले आणि नॉब 100 वर असला, तर प्रत्यक्षात वाटणी 1000 हर्ट्झवर होते. बेस बोलू लागतो आणि टॉपमधून फक्त चिरका आवाज येतो. रॅकमध्ये हात घालताना हे बटण नकळत दाबले जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

स्पीकॉनच्या बाबतीत चार पिनांच्या कनेक्टरमध्ये 1 प्लस व 1 मायनसवर खालचा भाग आणि 2 प्लस व 2 मायनसवर वरचा भाग अशी प्रचलित रीत आहे. काही उत्पादक बेससाठी 2 ची जोडी वापरतात, म्हणून कॅबिनेटच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय केबल लावू नये. बेसच्या आणि टॉपच्या केबलला दोन वेगळ्या रंगांची टेप दोन्ही टोकांना गुंडाळावी. मांडवात अंधारात आणि घाईत जोडणी करणारा माणूस रंग पाहतो, लेबल वाचत नाही.

वाटणी कुठे आणि किती तीव्र

18 इंची बेस आणि 15 इंची टॉप यांच्यासाठी 90 ते 120 हर्ट्झ ही योग्य पट्टी आहे. 100 वर सुरुवात करावी. टॉप 12 इंची असेल तर 120 कडे सरकावे. बेसची वाटणी 150 च्या वर नेली तर गायकाचा खर्ज बेसमधून येऊ लागतो आणि आवाज जमिनीवरून येतो आहे असे वाटते.

स्लोप, म्हणजे वाटणीपलीकडे आवाज किती झपाट्याने कमी होतो ते प्रमाण, 24 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी होण्याइतके अंतर), लिंकविट्झ-रायली प्रकारचा घ्यावा. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी 1976 साली मांडलेल्या आणि त्यांच्या व रस रायली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत वाटणीच्या फ्रिक्वेन्सीवर दोन्ही भाग 6 डेसिबल खाली असतात, एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या लाटा एकाच वेळी चढतात-उतरतात, आणि त्यांची बेरीज सपाट येते. याउलट 12 डेसिबलच्या रचनेत दोन भागांत 180 अंशांचा फरक पडतो आणि एकाची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करावी लागते. बाजारातील बहुतेक ॲनालॉग क्रॉसओव्हर 24 डेसिबलचेच असतात, त्यामुळे येथे फार विचार करण्याची गरज नाही.

बेसला खालूनही मर्यादा घालावी. पोर्ट (हवेसाठीचे भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये ज्या फ्रिक्वेन्सीला पोर्ट साधलेला असतो तिच्या खाली हवेचा आधार सुटतो, आवाज फारसा येत नाही, पण कोन मात्र बेफाम हलतो आणि कॉइल घासू लागते. कॅबिनेट 38 हर्ट्झला साधलेले असेल तर 33-35 हर्ट्झवर लो कट द्यावा. ॲनालॉग क्रॉसओव्हरवर 40 हर्ट्झचे बटण असेल तर ते दाबावे. डीजेच्या गाण्यांत त्याने फार काही हरवत नाही.

स्पीकर न जोडता तपासणी

ही पायरी वगळणारे पुष्कळ असतात, आणि डायफ्राम बदलून देणाऱ्यांचा धंदा बऱ्याच अंशी त्यांच्यावरच चालतो. स्पीकर केबल काढून ठेवाव्यात. फोनवरील टोन जनरेटरमधून 50 हर्ट्झचा सूर मिक्सरला द्यावा, दोन्ही मशीनचे नॉब सारख्या जागी ठेवावेत आणि क्रॉसओव्हरचे सर्व गेन शून्यावर, म्हणजे मधल्या खुणेवर, ठेवावेत. दोन्ही मशीनचा मूळ गेन सारखा आहे हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे. तो वेगळा असेल तर मल्टिमीटर मशीनऐवजी क्रॉसओव्हरच्या आउटपुटवर, एक्सएलआरच्या 2 आणि 3 क्रमांकाच्या पिनांवर, लावावा.

आता एसी व्होल्ट मोजावेत. वाटणी 100 हर्ट्झवर आणि स्लोप 24 डेसिबलचा असेल तर 50 हर्ट्झला बेसच्या बाजूला जेवढे व्होल्ट मिळतील त्याच्या सोळाव्या भागाइतके टॉपच्या बाजूला मिळाले पाहिजेत. बेसला 8 व्होल्ट दिसले तर टॉपला अर्धा व्होल्ट. सूर 100 हर्ट्झ केला की दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत, आणि 200 केला की प्रमाण नेमके उलटे झाले पाहिजे. लो कटचे बटण या मोजणीपुरते मोकळे ठेवावे, नाहीतर 50 हर्ट्झचे प्रमाण थोडे बदलते. नॉबवर छापलेल्या खुणा ढोबळ असतात. दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत नॉब फिरवला की खरी 100 हर्ट्झची जागा सापडते, आणि तेथे पांढऱ्या पेनने बारीक रेघ ओढून ठेवावी. डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या रेघा बहुधा किंचित वेगळ्या पडतात. साधा मल्टिमीटर काहीशे हर्ट्झपर्यंत विश्वासार्ह असतो, त्यामुळे बेस-टॉपच्या वाटणीसाठी तो पुरतो.

50 हर्ट्झला टॉपच्या बाजूलाच जास्त व्होल्ट दिसले तर लो आणि हाय केबलची अदलाबदल झाली आहे, आणि तुमचे काही शे रुपयांचे मल्टिमीटर आत्ताच वसूल झाले आहे.

टॉप उघडायचा असेल तर

कॅबिनेटच्या मागे फुल रेंज आणि बाय-ॲम्प असा स्विच असेल तर तो बदलणे पुरेसे असते. स्थानिक बनावटीच्या कॅबिनेटमध्ये मात्र मागची प्लेट उघडून पॅसिव्ह पट्टी बाजूला करावी लागते आणि वूफरच्या तारा 1 च्या जोडीवर, हॉर्नच्या 2 च्या जोडीवर आणाव्या लागतात. आता वाटणी थ्री-वे होते आणि तिसरे मशीन लागते.

हॉर्नच्या प्लस तारेत एक नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये बसवावा. मशीन चालू-बंद होतानाचा ठोका, बिघडलेल्या मशीनमधून येणारा डीसी आणि चुकून आलेला बेस यांपासून तो शेवटचा बचाव असतो. त्याचा मायक्रोफॅरडचा आकडा वाटणीच्या दोन ऑक्टेव्ह खालच्या फ्रिक्वेन्सीवरून काढावा: 1600 हर्ट्झला वाटणी असेल तर 400 हर्ट्झ धरून 8 ओहमसाठी सुमारे 50 मायक्रोफॅरड येतात, म्हणजे बाजारात सहज मिळणारा 47 मायक्रोफॅरडचा चालतो. तो 100 व्होल्ट किंवा अधिक क्षमतेचा असावा. हॉर्नसाठी वाटणीची फ्रिक्वेन्सी ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात दिलेल्या किमान आकड्याच्या खाली कधीही नेऊ नये. 1 इंची तोंडाचा ड्रायव्हर 1000 हर्ट्झवर चालवला की थोडा वेळ गोड वाजतो आणि नंतर वाजतच नाही.

पोलॅरिटी आणि डिले

बेसच्या दोन्ही ड्रायव्हरना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत, साधारणतः बाहेर. जुन्या जेबीएल वूफरमध्ये ही रीत उलटी होती, त्यामुळे मिश्र संचात हे तपासावेच. हॉर्न ड्रायव्हरवर हा प्रयोग करू नये.

त्यानंतर वाटणीच्या फ्रिक्वेन्सीचा सूर हळू आवाजात लावून, दहा मीटरवर उभे राहून, टॉपची पोलॅरिटी क्रॉसओव्हरवरील बटणाने उलटसुलट करावी. ज्या स्थितीत आवाज भरीव येतो ती बरोबर. दुसऱ्या स्थितीत आवाज जेवढा अधिक पडेल तेवढी जुळणी चांगली आहे असे समजावे. फरकच जाणवत नसेल तर दोन्ही ड्रायव्हर वेळेत एकमेकांपासून पाव लाटेइतके सरकलेले आहेत, आणि तेथे डिले लागतो.

100 हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे बेसवर टॉप ठेवलेला असताना काही इंचांचा फरक महत्त्वाचा नसतो. फोल्डेड हॉर्न किंवा स्कूप प्रकारच्या बेसमध्ये मात्र आवाज कॅबिनेटच्या आतच दोनेक मीटर फिरून बाहेर येतो, आणि टॉपला सुमारे 6 मिलिसेकंद थांबवावे लागते. टॉपच्या आत गणित उलटे होते: 1600 हर्ट्झची अर्धी लाट जेमतेम 11 सेंटिमीटर भरते, आणि हॉर्नचा डायफ्राम वूफरच्या कॉइलपेक्षा 10 सेंटिमीटर मागे असला तरी त्या फ्रिक्वेन्सीवर दोघे एकमेकांना खातात. वूफरला 0.29 मिलिसेकंदाचा डिले दिला की ते जुळतात. बहुतेक ॲनालॉग क्रॉसओव्हरमध्ये डिले नसतो, टॉप उघडताना डीएसपी घ्यावा असे वर म्हटले ते याचसाठी.

पातळी आणि लिमिटर

हॉर्न ड्रायव्हरची संवेदनशीलता वूफरपेक्षा सहज 10 डेसिबलने जास्त असते, म्हणून त्याची पातळी खालूनच वर आणावी. प्रथम फक्त बेस, मग त्यावर टॉप, आणि ओळखीचे गाणे. पिंक नॉइज (सर्व फ्रिक्वेन्सी असलेला चाचणीचा खळखळाट) आणि मापनाचा माइक असेल तर उत्तम. फोनच्या माइकवर बेसचा अंदाज घेऊ नये, तो खालचा आवाज नीट पकडत नाही. बेस टॉपपेक्षा 6 ते 10 डेसिबल वर असणे नाचाच्या कार्यक्रमाला मानवते, त्याहून जास्त ठेवले की गाण्याचे शब्द बुडतात आणि आसपासच्या इमारतींच्या काचा आधी तक्रार करतात.

लिमिटरसाठी ड्रायव्हरच्या सतत क्षमतेच्या वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढावे. 80 वॅट आणि 8 ओहमच्या हॉर्नसाठी 25 व्होल्ट येतात. मशीनचा गेन 32 डेसिबल, म्हणजे 40 पट असेल, तर क्रॉसओव्हरच्या आउटपुटला 0.63 व्होल्टवर, सुमारे उणे 1.8 डीबीयूवर (0.775 व्होल्टला शून्य धरणारे माप) लिमिटर बसवावा. हा हिशेब मशीनचा नॉब पूर्ण उघडा असताना खरा ठरतो. नॉब अर्ध्यावर ठेवून लिमिटर लावला आणि नंतर कोणी तो पूर्ण फिरवला, तर लिमिटर असून नसल्यासारखा होतो. मशीनमधील क्लिप लिमिटर मशीनला वाचवतो, स्पीकरला वाचवेलच असे नाही.

चालू करताना मिक्सर, क्रॉसओव्हर आणि शेवटी मशीन असा क्रम ठेवावा. बंद करताना मशीन आधी. घूं असा आवाज येत असेल तर प्लगची अर्थिंग पिन काढण्याचा प्रकार करू नये, त्यात माणूस दगावू शकतो. मिक्सरपासून मशीनपर्यंत सर्व उपकरणे एकाच बोर्डवरून घ्यावीत आणि केबल संतुलित आहेत का ते पाहावे. जनरेटरवर असताना मशीन लावण्याआधी बोर्डवरील व्होल्टेज मोजावे, कारण थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर 230 च्या जागी 400 च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात आणि तेव्हा क्रॉसओव्हर, मशीन सगळेच जाते.

पहिल्या कार्यक्रमात तासाभराने दोन्ही मशीनच्या क्लिप दिव्यांकडे लक्ष द्यावे. बेसचे मशीन मधूनच लाल होत असेल आणि टॉपचे हिरवेच असेल तर मांडणी बरोबर आहे. टॉपचे मशीन आधी लाल होत असेल तर टॉप कमी पडत आहेत, आणि पुढचा खर्च मशीनवर न करता आणखी एका टॉपच्या जोडीवर करावा.